डाव्या पायासाठी थांबलेला ढोल

प्रिय सोस्तेन,

तुझ्या बँडची नवी रेकॉर्ड फिरमिनमावशीने आणून दिली. वर म्हणाली, "घे, तुझा पॅरिसवाला! सॅक्सोफोन काय, पियानो काय! त्या जॅझमध्ये आपला ग्वाडेलूपचा ढोल कुठे दडलाय, तो तूच शोध."

मी माशाची भजी तळता तळता ती लावली.

आपल्या ग्वोका नाचात ढोल नाचणारीच्या पायांमागून जातो. पाय सांगतील तेच त्याने बोलायचं. उसाच्या गाडीखाली सापडल्यापासून माझा डावा पाय जरा उशिरा पडतो. बाकीचे ढोलवाले ओरडायचे, "उचल की गं पाय!" तू एकटाच थांबायचास. म्हणायचास, "येऊ दे रे तिला, घाई कुणाला आहे?"

तिसऱ्या गाण्यात सॅक्सोफोन गप्प होतो आणि तू एकटा वाजवतोस. दर फेरीला एक थाप किंचित उशिरा पडते. त्या स्टुडिओत तर कुणीच नाचत नव्हतं ना रे? मग थांबलास कुणासाठी?

मी चपला भिरकावल्या आणि स्वयंपाकघरातच नाचले. डावा पाय फरशीला टेकला आणि त्याच क्षणी तुझी थाप पडली. भजी करपली, करपू देत.

मावशी म्हणते, "लिही त्याला, धावत येईल." लिहिलं, पण हे पत्र मी टाकणार नाही. तुझं तुलाच हे ठाऊक नसणार. कळलं तर लाजशील, आणि पुढच्या वेळी ठेका सरळ करून टाकशील.

अजून उशिरानेच पोचणारी,
एडविज