गेलेल्या वेळेची जागा

१ नोव्हेंबर १९५३, रविवार

एलिजा येऊन गेला. अबीगेलचा थोरला भाऊ. मार्चमध्ये बायकामुलांना घेऊन इस्रायलला चाललाय — कायमचा. जेवताना म्हणाला, ‘भावोजी, तुम्हीपण अर्ज करा. इथे आता काय राहिलंय तुमचं?’

अबीगेल वाढता वाढता थांबली. ‘जेरुशा राहिलीय,’ म्हणाली आणि आत गेली.

पोरीला जाऊन वर्ष झालं. घटसर्प. नुकतंच पाचवं लागलं होतं. अबीगेल दर रविवारी कबरस्तानात जाते, बसून राहते. मला या घरातून, या गावातून निघायचंय. पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

३ नोव्हेंबर, मंगळवार

एस.टी.च्या ऑफिसात नवं वेळापत्रक उतरवत होतो. एकदम मनात आलं — ओवे गावाहून माणूस पनवेलला आला, म्हणून ओवे काही नाहीसं होत नाही. आहे तिथेच असतं. मग कालचा दिवस नाहीसा झाला असं आपण का धरून चालतो? कदाचित वेळ जातच नसेल! जातो आपण. वेळ जागच्या जागी.

कारकुनाच्या डोक्यात हे काय! पण सुटत नाही.

५ नोव्हेंबर

आज पुढे सुचलं. देह तर रोज बदलतो. नखं वाढतात, कातडी झडते. पाळण्यातली जेरुशा आणि अंगणात धावणारी जेरुशा — त्यातला कण न् कण वेगळा. म्हणजे जेरुशा हा देह नव्हे. ती सगळी वर्षं मिळून जेरुशा. दोरीला लांबी असते तशी. कबरीत आहे ते फक्त दोरीचं टोक.

आणि दोरी आहे तिथे आहे! आपण कुठेही गेलो तरी.

८ नोव्हेंबर, रविवार

अबीगेलला सांगितलं. नारळ खवत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाली, ‘माझी पोर तुमच्या गणितात घालू नका.’

९ नोव्हेंबर

बोलत नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आज आपण होऊन विचारलं. ‘ती फाटकाला लोंबकळायची — तेही आहे?’

‘आहे.’

‘आत्ता?’

माझ्या हिशेबाने ‘आत्ता’ हा शब्दच चुकीचा. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आहे म्हटलं.

१८ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना म्हणाली, ‘मग मला कबरीपाशी बसायला नको. करा अर्ज.’

इतकं सहज! मी कप हातात घेऊन उभाच. ऑफिसला जाता जाता एलिजाला कार्ड टाकलं.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी वडाळे तळ्यावर दिनानाथ भेटले. हायस्कुलात सायन्स शिकवतात, माझ्या असल्या गप्पा ऐकणारा गावातला एकटाच माणूस. सगळं सांगितलं. फुशारकीनेच, खोटं कशाला लिहू?

ते हळूच म्हणाले, ‘इनॉकराव, चांगले दिवस राहिले असतील तर वाईटही राहिले. तिचा शेवटचा दिवस कुठे ठेवलात?’

पोरीचा घसा बंद होत चाललेला — तेही जागच्या जागी? कायमचं?

दिनानाथांच्या लगेच लक्षात आलं. ‘मी उगाच बोललो,’ म्हणाले. मला घराच्या कोपऱ्यापर्यंत पोचवून गेले.

२१ नोव्हेंबर, शनिवार

वाडीवरची साळू मोळी घेऊन आली होती. अबीगेलने तिला जेरुशाचे फ्रॉक दिले. ‘तुझ्या नातीला होतील.’ साळू मागे सरली. ‘आसू दे गो बाय, तुला लागतील पुढं.’ अबीगेलने जबरदस्तीने तिच्या हातात कोंबले. वर्षभर त्या पेटीला कुणाला हात लावू दिला नव्हता.

नंतर भांडी घासताना गुणगुणत होती. आणि मी ओट्यावर बसून, चोरासारखा. जो विचार आता माझ्याच्याने धरवत नाही, त्याच्यावर ती पाय रोवून उभी आहे. सांगितलं तर पडेल. नाही सांगितलं तर जन्मभर फसवणूक.

२२ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. दिनानाथांचा प्रश्न जसाच्या तसा.

अबीगेल चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली. ‘मला ते त्याच दिवशी सुचलं, मी नारळ खवत होते नि तुम्ही बोलत होता तेव्हा. म्हणून तर रागावले. मग विचार केला — राहू दे तोही दिवस. मी होते ना तिच्या उशाशी. तिथेही ती एकटी नाही.’

‘मी नव्हतो,’ मी म्हणालो. मुंबईला इंजेक्शन आणायला गेलो होतो. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

ती म्हणाली, ‘तुम्ही वाटेत होता. तिच्याकडेच येत होता. अजून येताय.’