उशीकाकूची नाडी

४ ऑक्टोबर

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नर्सिंग कॉलेजच्या बाईंचा काल मला फोन आला, म्हणून हे पत्र. तुझे बाबा बोटीवर, त्यामुळे पालक म्हणून माझं नाव लावलेलं आहे. बाई म्हणाल्या, ऑनलाइन वर्गात लेखी परीक्षेला तू पहिली येतेस, पण प्रात्यक्षिकाच्या तासाला कॅमेरा बंद ठेवतेस. पंचवीस तारखेला कॅमेऱ्यासमोर जिवंत माणसावर परीक्षा आहे. त्यात नापास झालीस तर हॉस्पिटलात पाऊल ठेवू देणार नाहीत.

माझ्याकडे इंटरनेट नाही म्हणून तू खोली घेतलीस, ते मी मान्य केलं. आता ही लपाछपी कसली? फोनवर तू 'बरं आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर तसं करता येत नाही. जन्मभर मी वर्ग सांभाळला आहे; दप्तराआड तोंड लपवणारं पोर मला दुरूनही दिसतं.

मी ठीक आहे. हल्ली जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, पण वर वाट पाहणारं तरी कोण आहे?

खरं काय ते लिही. आशीर्वाद उत्तरासाठी अडलेले नाहीत, मी अडले आहे.

आत्या

९ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रागावू नकोस. इतर मुलींच्या घरी कुणाची आई, कुणाचा भाऊ पेशंट होऊन पडतो. माझ्याकडे उशी आहे. तिला मी उशीकाकू म्हणते. तिचं अंग पुसते, कूस बदलते, टॉवेलच्या सुरळीचा हात करून त्याला बँडेज बांधते. बिचारी कधी कण्हत नाही. एकदा कॅमेरा चालू राहिला आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून बंद.

घरमालकीणबाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, धडधाकट माणसाला कशाला आजारी पाडतेस! नाडी मात्र मला येते. त्या तासाला नेट गेलं होतं, पुस्तकातल्या चित्रावरून शिकले. इस्त्रीवाल्याची पाहिली, दूधवाल्याची पाहिली. दोघांचीही अगदी माझ्याइतकीच भरली.

दिवसभर कानात आवाज असतात. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की खोली एकदम मोठी होते. म्हणून फोन लवकर ठेवते गं, जास्त बोलले तर रडू येईल.

लोभ आहे त्याहून थोडा जास्तच असू दे.

तुझी ठकी

१३ ऑक्टोबर

चि. ठकीस आ.

इस्त्रीवाला दिवसभर उभा, दूधवाला सायकल मारत आलेला आणि तू खुर्चीत बसलेली. तिघांची नाडी सारखी? अगं शहाणे, अंगठ्याने बघतेस ना? माझ्या आईच्या आजारपणात मीही तेच करत होते, तेव्हा डॉक्टर खेकसले होते की अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तीन बोटं ठेवा. दुसऱ्याचं मनगट धरून तू आजवर स्वतःलाच मोजते आहेस.

चोवीस तारखेला संध्याकाळी मी येते. उशीकाकूंना रजा दे. मी कण्हेन, तक्रारी करेन, दर घटकेला पाणी मागेन. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. बाकी मनगटालाही बरीच वर्षं कुणी हात लावलेला नाही. दचकले तर परीक्षेत मोजू नका म्हणावं बाईंना.

आत्या

२७ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

भेटीची वेळ संपली की मला वॉर्डाबाहेर काढतात, म्हणून ही चिठ्ठी आयाबाईंबरोबर. परीक्षा मध्येच का थांबवलीस, असं तू विचारलंस आणि मला तोंडाने सांगता आलं नाही.

आदल्या संध्याकाळी तुझी नाडी सरळ चालत होती. परीक्षेत तीन बोटं ठेवली तर ठोके धावत होते. मध्येच एखादा गळायचा, पुन्हा दोन घाईने. आधी वाटलं मीच घाबरले आहे. बाई आकडा विचारत होत्या. नेहमीचा आकडा सांगितला असता तर पास झाले असते, कॅमेऱ्यातून त्यांना काय कळणार? मी म्हटलं, नाडी अनियमित आहे, पेशंटला आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं. आणि लॅपटॉप तसाच टाकून खाली धावले. घरमालकीणबाईंनीच गाडी काढली.

निकालाचं काही कळलेलं नाही. उशीकाकूंचा नमस्कार. लवकर बरी हो, एवढंच मागते.

ठकी

२९ ऑक्टोबर

चि. ठकीस आ.

बाईंचा फोन आला. परीक्षा अपुरी धरली आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा द्यायची. मी चिडले तर म्हणाल्या, नियम तो नियम. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, म्हणून जास्तच चिडले. पण त्यांनी आणखी एक सांगितलं. तुझा लॅपटॉप उघडाच राहिला होता. आपण गेल्यावर रिकामा पलंग आणि उशी, एवढंच दिसत होतं. तरी तास संपेपर्यंत एकही मुलगी उठली नाही. हसलं तर कुणीच नाही.

डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलं. तू मला इथल्या नर्सच्या ताब्यात दिलंस तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. वय, नाडी, जिन्यावर थांबणं, सगळं न अडखळता सांगितलंस. शेवटी, एकट्या राहतात, असंही म्हणालीस. तेवढं वाक्य पुढच्या वेळी गाळ.

परवा मला सोडतील. महिनाभर कुणीतरी नजर ठेवायला हवी म्हणे, आणि तुला पेशंट हवाच आहे. तू पुढे जा, इंटरनेटवाल्याला घरात घे, मागच्या खोलीत टेबल लावून घे. उशीकाकूही येऊ देत.

आयाबाईंच्या हाती दिलं: घराची किल्ली, एक. दुसरी नाही, आजवर लागली नव्हती. मला न्यायला येताना करून आण.

आत्या