तांबड्या शाईतली सत्तावीस पुस्तकं

सर, आज दुपारी वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलावर सत्तावीस पुस्तकं ओळीनं मांडली होती आणि मांडणारी माणसं माझ्याकडे बघत होती. तुम्ही निवृत्त होताना जी गहाळ ठरली, तीच ही पुस्तकं. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या तपासणीला बाहेरची समिती येणार, म्हणून प्राचार्यांनी आधी घरचीच एक समिती नेमून ग्रंथालयातलं एकेक पुस्तक मोजायला घेतलंय. कॉमर्सचे एक प्राध्यापक स्कॅनर घेऊन कपाटांमधून फिरतात. पुस्तकावरची बारकोडची पट्टी दाखवली की यंत्र टुंग करतं. गेले आठ दिवस मी त्या आवाजावर कान ठेवून होते. मराठीच्या तिसऱ्या कपाटाशी तो आवाज थांबणार हे मला ठाऊक होतं, कारण त्या सत्तावीस पुस्तकांना पट्टीच नाही. संगणक आला तेव्हा शिल्लक असलेली पुस्तकं तेवढी त्यात चढवली गेली. ही कागदोपत्री गहाळ होती, मग पट्टी कुठून असणार?

तुमच्या हाताखाली मी आले तेव्हा मला वाटायचं, ग्रंथालयातलं काम म्हणजे पुस्तक द्यायचं आणि परत घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही कोप्पीकर रोडच्या दुकानदारानं पसंतीसाठी पाठवलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात आणि यातली ठेवायची कोणती ते सांग म्हणालात. मी चांगल्या मुखपृष्ठाची दहाबारा उचलली. तुम्ही हसला नाहीत. एकेक पुस्तक उघडून अनुक्रमणिका बघितलीत, मधलंच एखादं पान वाचलंत, शिवण बोटांनी ताणून पाहिलीत आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारलात, "हे मागायला कोण येणार, सांग बघू." शितावरून भाताची परीक्षा करायची, पण शीत मधल्या पानाचं घ्यायचं, असं तुमचं म्हणणं. पुस्तक आधी दाखल नोंदवहीत, मग शिक्का, मग कपाट. आणि दाराबाहेर जायचं असेल तर, वाचकाकडे जावो की बाइंडरकडे, आधी नोंद आणि मगच पुस्तक. एकदा मी एका प्राध्यापकांना नोंद न करताच पुस्तक दिलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "अगं यव्वा, तुझ्या लक्षात आहे, पण कपाटाला काय ठाऊक? उद्या तू आजारी पडलीस तर ते पुस्तक आम्ही कुणाकडे मागायचं?" मला फार राग आला होता. चार दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

एवढं ऐकून घेऊनही मी तेच केलं. तुमच्या निवृत्तीला चारपाच महिने उरले होते. शनिवार होता, तुम्ही प्राचार्यांकडे बैठकीला गेला होता आणि कमरीपेठेतला बाइंडर गठ्ठा न्यायला उशिरा आला. माझी हुबळीची बस सुटायची वेळ झालेली. शिवण उसवलेली सत्तावीस मराठी पुस्तकं मी सुतळीनं बांधून त्याच्या हातात दिली आणि बाइंडिंगच्या वहीत सोमवारी लिहू म्हटलं. रविवारी आई न्हाणीत पडली, कंबरेचं हाड मोडलं, मी पंधरा दिवस रजेवर गेले. परत आले तेव्हा तो गठ्ठा माझ्या डोक्यातून साफ गेला होता. तिकडे बाइंडरचा हात कागद कापायच्या यंत्रात सापडला आणि त्याचं दुकान कितीतरी महिने बंद राहिलं. त्यामुळं तोही आठवण करून द्यायला आला नाही.

निवृत्तीआधीची मोजणी झाली आणि सत्तावीस पुस्तकं कमी भरली. तुम्ही मला विचारलंत, "बाइंडिंगला काही गेलंय का?" मी वही उघडून बघितली आणि म्हणाले, "नोंद नाही, सर." तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच आठवत नव्हतं. आठवलं ते तीन दिवसांनी, बसमध्ये, शेजारच्या बाईच्या मांडीवर सुतळीनं बांधलेलं गाठोडं दिसलं तेव्हा. पण त्याच सकाळी तुम्ही दाखल नोंदवहीत एकेका क्रमांकापुढे तांबड्या शाईनं 'गहाळ' लिहून सही केली होती, अहवाल वर गेला होता. मी तात्पुरती होते आणि मला कायम करायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरायचं होतं. उद्या सांगू, म्हटलं. त्या उद्याला बावीस वर्षं झाली. अहवालावर तुमच्याबद्दल 'निष्काळजी' असा शेरा आला. निरोप समारंभाला तुम्ही आलाच नाहीत. आणलेला हार टेबलावर तसाच पडून राहिला आणि संध्याकाळी शिपायानं तो ऑफिसातल्या तसबिरीला घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. महिन्याभरात मी कायम झाले.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाइंडर गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला. "तड आत्री, अक्का," म्हणाला, उशीर झाल्याबद्दल बिचारा हात जोडत होता. नवे कापडी पुठ्ठे, पाठीवर सोनेरी अक्षरं, काम झकास. रोज दोन-दोन करून मी ती पुस्तकं मराठीच्या तिसऱ्या कपाटात मागच्या रांगेला सरकवली. पुढच्या प्रत्येक मोजणीला ते कपाट मी दुसऱ्या कुणाला मोजू दिलं नाही. लोक म्हणायचे, म्याडमना मराठीचं भारी प्रेम.

आज कॉमर्सच्या प्राध्यापकांनी जुनी नोंदवही काढली, पुस्तकांवरचे क्रमांक तुमच्या तांबड्या अक्षरांशी ताडून पाहिले आणि कोडं सुटल्यासारखे म्हणाले, "अंद्र, म्हणजे त्या जुन्या ग्रंथपालांनीच ही घरी नेली असणार. शेरा बसल्यावर गुपचूप आणून ठेवली. वर बाइंडिंगसुद्धा करून." सगळे हसले. दुष्टपणानं नाही, चहा पिताना माणसं हसतात तसे. मी नुसती गप्प बसले असते तरी सगळं मिटलं असतं, चार महिन्यांनी मीही निवृत्त होणार आहे, माझ्यासाठीही हार येईल. मी म्हटलं, "नाही. ती मी बाइंडरला दिली आणि नोंद केली नाही. आठवल्यावरही बोलले नाही. परत आली तेव्हा मीच लपवली. सरांनी एकही पुस्तक कधी घरी नेलं नाही." माझा आवाज इतका चढला होता की पलीकडे वाचत बसलेल्या मुली वळून बघायला लागल्या. आता काय होतंय म्हणून मी टेबलाची कड धरून उभी राहिले. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं. "इरली बिड्री, राहू द्या म्याडम. किती जुनी गोष्ट, आणि ते तरी आता कुठं आहेत? 'नंतर सापडली' असं लिहा आणि पट्ट्या चिकटवून टाका." एवढंच. ज्याला भिऊन मी बावीस वर्षं गप्प बसले ते हे एवढंच होतं, आणि मला स्वतःचा असा संताप आला की 'नंतर सापडली' लिहायला हात वळेना. शेऱ्याच्या रकान्यात मी झालं तसं सगळं लिहिलं, खाली माझी सही केली. रकाना पुरला नाही, समासात गेले. शिस्तीत बसत नाही ते, पण तुम्ही चालवून घ्याल.

पण सर, त्या टेबलाशी मी जे सांगितलं ते सगळं नव्हे. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी घरी भेटायला आले होते. काकूंनी चहा केला आणि बोलता बोलता म्हणाल्या, "यांनी शेवटी शेवटी घरातली सगळी कपाटं दोनदा उपसली बघ. म्हणायचे, वयामुळं मीच घरी आणून कुठंतरी ठेवली असणार, नाहीतर पुस्तकं जातील कुठं. ट्रंका काढल्या, गाद्या उलटून बघितल्या. मग मलापण वाटायला लागलं, असतील बाई विसरले." तुम्ही माझ्यावर कधी संशय घेतला नाहीत, स्वतःवर घेतलात. आणि मी काकूंसमोर बसून तो चहा संपवला आणि म्हणाले, "वय झालं की होतं असं, काकू."

काकू अजून त्याच घरात आहेत, कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. आज सुटल्यावर मी फाटकापर्यंत गेले. त्या पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांनी हात केला. मीही हात केला आणि बस चुकेल अशा घाईनं पुढे निघून गेले. घरी येऊन हे लिहायला बसले ते तुम्हाला, कारण तुम्ही काही विचारणार नाही. खरं तर हे त्यांच्या हातात द्यायला हवं. माझ्यानं ते होत नाही.