गजाच्या छातीवरचं बोंड

सोमवार, दिवाळीनंतरचा

माफ कर वही, दोन दिवस तुला उघडायची हिंमत झाली नाही. शनिवारी आमच्या जय बजरंग कबड्डी संघाचं नाव 'सोनबोंड वॉरियर्स' झालं. 'सोनबोंड' बियाणं विकणाऱ्या दुकानदाराने नव्या जर्सी दिल्या, छातीवर कपाशीचं पांढरं बोंड. कॅप्टन माझा पोरगा गजा, होकार त्यानेच दिला. आणि त्याच बियाण्याची बोंडं यंदा गावभर अळीने पोखरलेली.

त्याच दिवशी सामन्यात गजा चढाईला निघाला तसं कोणी ओरडलं, "अबे बोंडअळी, वळवळून दाखव ना!" मैदान हसलं. मीही हसलो. काहून हसलो? मग किडकी बोंडं फेकली लोकांनी. दुकानदाराला दाखवायला आणलेलं एक माझ्याही खिशात होतं. फेकलं. नेमकं छातीवरच्या त्या बोंडावर बसलं.

"बाबा, तुमीबी?" गजा एवढंच बोलला. जर्सी रेषेवर टाकून उघडाच निघून गेला.

दुकानदार समोर खुर्चीत बसून होता. त्याच्यावर एकानेही फेकलं नाही. पुढच्या पेरणीला त्याच्याच दारात जायचं आहे ना. मलाही.

गजा तेव्हापासून घरी आला नाही. जर्सी मी धुतली. बोंडावरचा डाग जात नाही. गजा, पांढरकवड्याला मामाकडे असशील तर शिव्या का होईना, कोणाजवळ तरी लवकर सांगून पाठव रे.