चार वाजताची आई

१० नोव्हेंबर, सोमवार

तिसगावात पोचले एकदाची. खोली बाजारपेठेच्या मागच्या बाजूला आहे, वर पत्रा, पण खिडकी मोठी. पप्पांनी भिंगारहून शेगडी, गादी आणि माझी स्कूटी टेम्पोत घालून दिली आणि टेम्पोवाल्याला तीनतीनदा बजावलं, पोरीकडं लक्ष ठेवा. जसा काही तो इथंच राहणार होता.

माझी पहिली नोकरी! ऊसतोडीला गेलेल्यांची लहान मुलं मागं आजीआजोबांकडं राहतात. आमची संस्था त्यांना घरी जाऊन शिकवते. शाळेसारखं नाही. शेंगा फोडताना मोजायचं, भाकरी दाखवून गोल म्हणजे काय ते सांगायचं, चुलीपाशी बसून गोष्ट. आणि रोज विचारायचं, आज तुला कसं वाटतंय? त्यासाठी चार चेहऱ्यांचा तक्ता दिलाय: हसरा, रडका, रागीट आणि घाबरलेला. मुलानं हव्या त्या चेहऱ्यावर टिकली लावायची. बाजारातून टिकल्यांची पाच पाकिटं घेतली. दुकानदारीण म्हणाली, लग्न हाय का घरात?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझी वस्ती इथून चार किलोमीटरवर. अकरा घरं, त्यातल्या सहांना कुलूप. उरलेल्या पाच घरांत मिळून आठ मुलं. भोवती तूर आणि कपाशी, मध्ये श्रीमंत नावाच्या माणसाची पिठाची गिरणी.

राजनंदिनी पाच वर्षांची. घरी नंदू म्हणतात. आई पंकजा आणि वडील कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेलेत. ती केशरबाई आजीजवळ असते. केशरबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखतात. नंदूनं रडक्या चेहऱ्यावर टिकली लावली. मग दुसरी. मग तिसरी. मग माझ्या ओढणीत तोंड खुपसून रडली. प्रशिक्षणात सांगितलं होतं, रडू नको म्हणायचं नाही. नाही म्हटलं. नुसती बसले तिच्याजवळ. येताना वाटलं, आज काहीतरी काम केलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नंदूची टिकली आज हसऱ्यावर! आईचा फोन येतो म्हणाली, रोज चारला. केशरबाईंकडं जुना बटणांचा मोबाईल आहे. तो घेऊन ती घरामागं तुरीच्या कडेला बसते आणि हळू आवाजात बोलते. मला फार बरं वाटलं. एवढ्या कष्टातून ती बाई रोज लेकीसाठी वेळ काढते. शेजारच्या मुलांनाही नंदू फोन कानाला लावू देते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठच्या आठ हसरे. आमचे गहिनीनाथ सर खूश झाले, तक्त्याचा फोटो मागवला, तालुक्याच्या बैठकीत दाखवणार म्हणाले.

पण आज चार वर्षांचा ओम दगडावर पडला. गुडघा फुटला, रक्त पायापर्यंत आलं. मी धावले. तो रडला नाही. उठला, तक्त्यापाशी गेला आणि हसऱ्या चेहऱ्यावर टिकली लावली. त्याची आजी म्हणाली, लई शहाना झालाय.

मी गुडघ्यावर हळद दाबली, तेव्हाही तो रडला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मी नंदूला वीसपर्यंत शिकवलंय, सरळ. आज तिनं बारापासून उलटं म्हणून दाखवलं, न अडखळता. कुणी शिकवलं विचारलं, तर आईनं. रोज एक आकडा कमी करून सुरुवात करायची, असं आईनं सांगितलंय.

"शून्य झालं की आई न्यायला येनार," नंदू म्हणाली. "समद्यांना."

हंगाम आत्ता सुरू झालाय. मार्चआधी कुणी परत येत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज आठपासून. बाकीची मुलंही म्हणतात. ओमला तर सरळ पाचपर्यंतही येत नव्हतं.

चारला मुद्दाम थांबले. केशरबाईंच्या घरामागं गिरणीवाला श्रीमंत उभा होता, भिंतीला टेकून, नंदूकडं कान देऊन. मला बघितलं आणि गिरणीकडं निघून गेला. पन्नाशीचा माणूस, एकटा राहतो. पोरांशी फोनवरून आईच्या आवाजात बोलणारी एखादी बाई यानंच तर लावून दिली नसेल? अशा बातम्या वाचलेल्या आहेत मी. मुलं न्यायची, ओळख आधी करून घ्यायची. तो हसून खाऊ देणारा असता तर निदान नीट कळलं असतं.

१ डिसेंबर, सोमवार

ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. त्यानं पंकजाताईंना फोन दिला. त्यांचा मोबाईल हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्टरखाली चिरडला. तेव्हापासून त्या लेकीशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "माझी नंदू लई रडती का?"

मी खरं सांगितलं. रडत नाही.

 मग म्हणाल्या, "मला इसरली म्हना की."

मी सगळं सांगितलं. कुणीतरी तुमच्या नावानं बोलतंय, या. त्या म्हणाल्या, मुकादम सोडत नाही.

वस्तीवर आज पाच.

२ डिसेंबर, मंगळवार

गिरणीवाल्या श्रीमंतकडं, वस्तीवर सगळे श्रीमंतमामा म्हणतात त्यांच्याकडं, भांडायलाच गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग गिरणीचा पट्टा थांबवून खण उघडला आणि एक सिमकार्ड माझ्या हातावर ठेवलं. केशरबाईंच्या मोबाईलचं. दिवाळीत त्यांच्याकडं दुरुस्तीला दिला होता, तेव्हा काढलं, परत घालायचं राहूनच गेलं. मोबाईलमध्ये कार्ड नाही. त्या दिवशी ते कान देऊन उभे होते ते यासाठीच. त्यांना पलीकडचं काही ऐकू आलं नाही. फक्त नंदूचं हां, हां.

केशरबाईंना सांगितलं. त्या दाणे निवडत राहिल्या.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पयले पंधरा दिस पोरगी जेवत नव्हती. आता जेवती, झोपती. कोन बोलतंय ते बोलू द्या की बाई. तुमच्या कागदावर बी हसरंच लागतंय ना?"



३ डिसेंबर, बुधवार

मोबाईल मी काढून घेतला. तीनपासून माझ्या पर्समध्ये.

चारला आठही मुलं आपापल्या दारात आली. रिकामा तळहात कानाला लावला. पाच घरं, आठ मुलं. हां. हां. हां. एकाच वेळी.

माझ्या पर्समध्ये काहीच वाजलं नाही.

सरांना फोन केला. म्हणाले, मुलं खेळतात असं, थकली असशील, विश्रांती घे. आणि हे अहवालात लिहू नको.

४ डिसेंबर, गुरुवार

श्रीमंतमामा मुकादमाशी बोलले. काय बोलले माहीत नाही, तासभर बोलत होते. पंकजाताई शनिवारी येणार. दुपारच्या एसटीनं तिसगावला उतरतील, मामा आणायला जातील.

शनिवारी शून्य.

बाकी घरांत फिरून सांगितलं, मुलांना त्या दिवशी घरात ठेवा. हो म्हणाले. विश्वास कुणाचा बसला नसावा. मुलं आनंदात असताना कुणाचा बसेल?

५ डिसेंबर, शुक्रवार

एक.

नंदूला विचारलं, आई कशी दिसते? म्हणाली, दिसत न्हाई अजून. उद्या दिसंल.

६ डिसेंबर, शनिवार

दुपारी दोन. आल्या! मामा स्टँडवर गेलेत, पण पंकजाताई वाटेत टेम्पो मिळाला म्हणून आधीच पोचल्या, रस्त्यावर उतरून चालत आल्या. नंदू जाऊन बिलगली. केशरबाईंनी आवाज ऐकला, तोंडावरून हात फिरवला, रडल्या. मीही. शून्याच्या दिवशी खरी आई घरात आहे. मामांना कळवायचंय, फोन लागत नाही.

अडीच. चहा घेतला नाही. पाणीही नाही. एकदाही नंदूच्या वडिलांचं नाव नाही.

निघण्याआधी निरोप घ्यावा म्हणून त्यांचा हात हातात घेतला. मऊ. गार. महिनाभर कोयता धरलेला हात — घट्टा नाही, उसाच्या पाचटाची एक चीर नाही — तळहातावर रेषासुद्धा —

मी याआधी पंकजाताईंना पाहिलेलं नाही. आवाजच ऐकलाय. केशरबाईंनीही आत्ता आवाजच —

तीन चाळीस. बाकीची सात मुलं आली. कुणी बोलावलं नाही. एकेक मूल आत जाऊन तिच्याजवळ बसलं. ओम तिला आई म्हणाला. सगळे म्हणाले.

तीन पन्नास. मामांचा फोन लागला. स्टँडवर आहेत. "पंकजा आत्ताच उतरली, घेऊन येतो," म्हणाले. मागून तिचा आवाज आला, नंदू कशी हाय विचारत होती. आणि आतून, खोलीतून, तोच आवाज —

केशरबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. मुलांना आणायला वळले तर आतून कडी लागली.

मामांना पंधरा मिनिटं लागतील. ओरडले, शेजारचे म्हातारे येतायत, हळूहळू येतायत. दार लोखंडी. केशरबाई पहार शोधायला गेल्या, चाचपडत. हे लिहून ठेवतेय कारण आम्ही काय केलं ते कुणाला तरी —

चार. मोजतायत. आज पुन्हा दहापासून, आठ जण, एकच सूर. दहा. नऊ.

पहार मिळाली. दाराची फट — हलतेय —

पाच. चार —

एक आवाज थांबला. सात जणच मोजतायत. कुणीतरी रडतंय. नंदू. नंदू रडतेय, मोठ्यानं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा — केशरबाई दाराला तोंड लावून ओरडतायत, रड माझे बाय, रड, थांबू नगंस — आता ओमही — सहाच उरले मोजणारे — दोन — वही खाली ठेवते, दोन्ही हातांनी पहार —