दहावी गोळी

भोपाळ,
१८ नोव्हेंबर १९५८

प्रिय रत्ना,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तू विचारलंस ते अगदी साधं होतं. शाळेतल्या मुलींना पॉइंट टू-टू रायफलीची नेमबाजी शिकवायची आहे, तर पन्नास यार्डांवरच्या कागदावरची भोकं बघायला कोणती दुर्बीण घ्यावी? एवढ्याला तीन आठवडे लावले म्हणून तू मला आळशी म्हटलं असशील. म्हण. पण या एका विषयात आज भोपाळमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मी स्वतःची दुर्बीण घेतली आहे!

त्याचं असं झालं. ऑगस्टमध्ये आपल्या रायफल क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी हुकूम काढला की क्लबची मोठी जर्मन दुर्बीण बायकांच्या तुकडीला मिळणार नाही. कारण काय, तर नाजूक चीज आहे. "आप लोगों को नंबर बता दिए जाएँगे," म्हणाले. रायफल आमच्या हातात चालते, गोळ्या चालतात, फक्त आपण मारलेली गोळी कुठे लागली ते आपल्या डोळ्यांनी बघायचं नाही! मी तिथेच म्हटलं, "बता देने की ज़रूरत नहीं, मैं देख लूँगी." घरी आल्यावर अच्युतदादा माझ्यावर उखडला. त्याचं बरोबरच होतं म्हणा, त्याचे वरिष्ठ म्हणजे हेच साहेब. नागपूरहून सगळं सेक्रेटरिएट इकडे आलं तेव्हा त्याला क्वार्टर मिळवून दिलं तेही त्यांनीच. वहिनी म्हणाली, "सिंधूताई, टाइपरायटर बडवता तेवढं पुरे नाही का?" नाही पुरे. नोकरी पोटासाठी करते. रविवारी कोटऱ्याच्या टेकडीखालच्या रेंजवर सतरंजीवर पालथं पडून श्वास रोखते ना, तेवढा वेळ मी माझी असते.

जुमेराती बाजारात करामतमियाँ आहेत, बंदुका दुरुस्त करतात. संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्याकडे तीन दुर्बिणी निघाल्या. एक क्लबच्या दुर्बिणीसारखीच लठ्ठ, साठपट मोठं दाखवणारी. एक शिकाऱ्याची, दोन डोळ्यांची. आणि तिसरी पितळी, लढाईतली, ओढून लांब करायची. एका बाजूला पोचा आलेली, वीसपट. मी अर्थातच साठवाली उचलली. म्हातारा हसला. म्हणाला, "बिटिया, सुबह तो हर दूरबीन सच बोलती है. दोपहर को आना." दुपारी गेले. गल्लीच्या टोकाला भिंतीवर त्यांनी भोकं पाडलेला कागद लावून ठेवला होता. साठवालीतून तो कागद पाण्यात बुडाल्यासारखा थरथरत होता. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते ना, ती हालचालसुद्धा साठपट मोठी होते. शिवाय चित्र काळपट. शिकारी दुर्बिणीतून कागद लख्ख, पण भोकं दिसेनात, आणि हातात धरली की आपलीच छाती धडधडते ती वेगळीच. पोचावालीतून मात्र भोकं एकेक करून मोजता आली. तीच घेतली.

तेव्हा लिहून घे. मोठ्या आकड्याला भुलू नकोस. वीस-पंचवीसपट पुष्कळ झालं. पुढची काच मोठी असावी, म्हणजे उजेड जास्त येतो. पांढऱ्या कागदावरचं भोक कुणालाही दिसतं, काळ्या वर्तुळातलं दिसलं पाहिजे, म्हणून परीक्षा काळ्यावरच घे आणि भर दुपारी घे. काच उजेडाकडे धरून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही असेल तर फुकट दिली तरी घेऊ नकोस. बाहेरचा पोचा चालतो. तिवई बुटकी हवी, पालथं पडलेल्या मुलीला कोपर न हलवता नुसती मान वळवून डोळा लावता आला पाहिजे. आणि तुला आता चष्मा लागला आहे, तर चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो की नाही ते बघूनच घे.

तुझ्या चष्म्यापाशी माझी लेखणी अडली होती. तू किती सहज लिहिलंस! "मी आता फक्त शिकवते, स्वतः रायफल धरत नाही. एप्रिलच्या निवडीत माझी दहावी गोळी कागदाबाहेर गेली तेव्हाच समजले की आपला हात आणि डोळा दोन्ही गेले. डॉक्टरांनी नंबर काढून दिला आहे." हे मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं.

आता दोन नोव्हेंबरचं ऐक. जिल्ह्याची स्पर्धा होती. टेलिफोन एक्स्चेंजमधली शशिकला, तू गेल्यावर आलेली, माझ्या शेजारी होती. तिने शेवटची गोळी झाडली आणि निकाल पुकारला गेला, "नौ निशान, एक मिस." पोरीचा चेहरा उतरला. मी माझी दुर्बीण तिच्या कागदावर वळवली. काळ्यात, मध्याच्या जरा डावीकडे, एक भोक बाकीच्यांपेक्षा लांबट होतं, दोन कडा असलेलं. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "मिस नहीं है! एक छेद में दो गोली हैं, कागज़ मँगवाइए!" साहेब म्हणाले, "बैठ जाइए." मी म्हटलं, "नहीं बैठूँगी." रेंज थांबली. पाहुणे म्हणून आलेले एक फौजी अधिकारी होते, त्यांनी कागद मागवला आणि भोकात मोजणीची सळई घालून पाहिली. एका बाजूला बसली, दुसऱ्या बाजूलाही बसली. दोन गोळ्या. टाळ्या झाल्या, शशिकला रडायलाच लागली.

मला तिथे थांबता आलं असतं. शाबासकी घेऊन घरी येता आलं असतं. पण मी त्याच श्वासात म्हणाले की एप्रिलमध्ये रत्नप्रभा देशकरांच्या कागदावरही हेच झालं होतं, त्यांची मिस खोटी होती, आणि म्हणून त्यांच्या जागी दिल्लीच्या स्पर्धेला साहेबांची मेहुणी गेली. साहेब थंडपणे म्हणाले, "उस कार्ड पर गवाह के दस्तख़त आपके हैं." मी म्हटलं, "मेरे ही हैं. झूठे हैं."

मागच्या रविवारी क्लबने माझं नाव कमी केलं. दादाची पार लांब झाबुआला बदली झाली आहे. ट्रंक भरता भरता तो म्हणाला, "बोलायचंच होतं तर एप्रिलमध्ये का नाही बोललीस?" वहिनी मुलांना घेऊन त्याच्याबरोबर जातेय. मी जाणार नाही. नोकरी करणाऱ्या बायकांच्या बराकीत एक खोली मिळतेय, तिथे राहीन. करामतमियाँनी सांगितलंय, रायफल नसली तर नसली, नज़र तो आपकी है, दुर्बिणी पारखायला रोज दुकानात येऊन बसा.

रत्ना, दादाला दिलं नाही ते उत्तर तुला देते. हे पत्र त्यासाठीच आहे. एप्रिलमध्ये क्लबच्या दुर्बिणीवर साक्षीदार म्हणून मी बसले होते. सात महिने मी स्वतःला सांगत आले की दुपार होती, ती साठपटीची दुर्बीण थरथरत होती, मला नीट दिसलं नाही. पण तुझी पाळी सकाळी आठला होती. हवा गार होती. मला लांबट भोक स्वच्छ दिसलं, त्याच्या दोन्ही कडा दिसल्या. मी मान वर केली तर साहेब पाठीशी उभे होते. "सिंधूजी, आपके भाई की नौकरी का कन्फ़र्मेशन मेरी मेज़ पर है," एवढंच म्हणाले, आणि पेन पुढे केलं. मी सही केली. तू पलीकडे उभी राहून स्वतःच्या हाताकडे बघत होतीस, आणि मी तुला ते बघू दिलं. तो कागद आता कुठे मिळायचा नाही. माझ्या शब्दापलीकडे पुरावा नाही, म्हणून तो शब्द मी लेखी दिला आहे. क्लबला, दिल्लीच्या रायफल असोसिएशनला आणि या पाकिटात तुला. चष्मा वाचायला खुशाल लाव, पण तुझा हात हलला नव्हता. तुझी दहावी गोळी नववीच्या अंगावर बसली होती, आणि तशी गोळी मला जन्मात मारता आलेली नाही. तेव्हा शाळेत रायफली येतील त्या दिवशी मुलींच्या आधी तू पालथी पड. मला क्षमा करायची की नाही ते सावकाश ठरव. आधी कागदावर काय उठलं ते कळव.

तू ठेवशील त्या नात्याने, पण तुझीच,
सिंधू