डॉक्टर काय म्हणाले

शनिवार, फेब्रुवारी १९९६. नागानो, संध्याकाळ.

सुधीरच्या ऑफिसच्या स्की क्लबची ही सहल. मी नकोच म्हणत होते. सकाळी सुधीर उतारावर पडला आणि मांडीचं हाड मोडलं. स्लेजवरून खाली आणलं त्याला. क्लबचे लोक वाकून वाकून माझी माफी मागत होते आणि मी नुसती मान हलवत होते. चार वर्षं जपानात राहून मला दुसरं येतंय काय?

इस्पितळात डॉक्टर बरंच बोलले. पाच मिनिटं तरी. क्लबमधल्या कोणाचंच इंग्रजी तिथे पुरेना, म्हणून सगळ्यांनी जपानी शाळेत जाणाऱ्या आमच्या मीराला पुढे केलं. नऊ वर्षांची पोर.

"काय म्हणाले गं?"

"बाबांचं ऑपरेशन करायचंय."

"एवढंच?"

"हो."

पाच मिनिटांचं एवढंच? मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "आई, मला मराठीत नाही सांगता येत." खरंच येत नाही, की सांगायचं नाहीये? चेहरा पांढराफटक पडला होता तिचा. पोरीला हे ऐकायला लावलं मी. पण करणार काय होते?

नर्सने कागद आणला. मीराने बोट ठेवून दाखवलं, "इथे सही कर." मी केली. कशावर केली, देव जाणे.

सुधीरला आत नेऊन दीड तास झाला. मीरा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. डॉक्टर बाहेर आले की तिला उठवावं लागेल.